मलवाहिनीची चावी घराघरांत असते: नूतनीकरणाच्या काळात रहिवाशांना काय, कधी आणि कसे सांगावे

आमच्या गल्लीत मलवाहिनीचे काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी फाटकाजवळच्या भिंतीवर एक छापील सूचना लागली होती. ‘या परिसरातील मलनिःसारण वाहिनीच्या पुनर्वसनाचे काम हाती घेण्यात येत असून सर्व संबंधितांनी सहकार्य करावे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,’ एवढाच तिचा मजकूर होता. ती सगळ्यांनी वाचली, कोणीतरी तिचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला, आणि कामाच्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर नेहमीप्रमाणे वॉशिंग मशीन लागले. अर्ध्या तासाने तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरातील जाळीतून आधी गुडगुड आवाज आला, मग साबणाचा फेस आला आणि त्याच्यामागून काळे पाणी वर येऊन उंबरठ्याला लागले. काकूंनी जुन्या साड्यांच्या घड्या रचून ते पाणी स्वयंपाकघरात शिरण्यापासून कसेबसे अडवले. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा यात काही दोष नव्हता. त्यांनी सूचना वाचली होती आणि सहकार्य करण्याची त्यांची मनापासून तयारी होती. त्या दिवशी सहकार्य म्हणजे नळ बंद ठेवणे, एवढे मात्र त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

जुन्या मलवाहिन्या बदलण्याची किंवा आतून मजबूत करण्याची कामे सध्या अनेक शहरांत सुरू आहेत आणि येत्या काळात ती वाढतच जाणार आहेत. या कामांत रहिवाशांना माहिती देणे हा सौजन्याचा भाग समजला जातो. वेळ उरला तर करायचा, नाही उरला तर दिलगिरी व्यक्त करायची. ही समजूत मुळातच चुकीची आहे, कारण ती मलवाहिनीच्या रचनेशी जुळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला व्हॉल्व्ह असतो. दुरुस्ती करायची असेल तर चावीवाला येतो, चावी फिरवतो आणि पाणी थांबते, मग रहिवाशांना आधी कळलेले असो वा नसो. घरांमागून येणाऱ्या मलवाहिनीला अशी चावी नसते. तिच्यात येणारा प्रवाह थांबवायचा तर तो प्रत्येक मोरीत, प्रत्येक शौचालयात आणि प्रत्येक बेसिनपाशीच थांबवावा लागतो. म्हणजे या वाहिनीची चावी शेकडो घरांत वाटलेली आहे, आणि ती सगळ्यांनी एकाच वेळी फिरवावी यासाठी अभियंत्याच्या हातात नेमकी आणि वेळेवर पोहोचलेली सूचना हेच एक साधन आहे.

हे नीट समजण्यासाठी रस्त्याखाली काय असते ते पाहावे लागेल. आपण बोलताना सगळ्यालाच ‘गटार’ म्हणतो, पण मुंबईसारख्या शहरात दोन जाळी वेगवेगळी असतात. एक पावसाचे पाणी वाहून नेणारे, जे थेट नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात जाते. आणि दुसरे मलनिःसारणाचे, जे घरांतील सांडपाणी आणि मैला उदंचन केंद्रांमार्फत, म्हणजे पाणी पंपाने वर उचलणाऱ्या केंद्रांमार्फत, शुद्धीकरण केंद्राकडे नेते. मुंबईचे हे दुसरे जाळे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात विभागांत मांडलेले आहे. मलवाहिनी बहुतांशी उतारावर, स्वतःच्या ओघाने वाहते. आत आलेला घनभाग तळाशी बसू नये म्हणून वस्ती अजून कमी असलेल्या सुरुवातीच्या काळातही, दिवसातील कमाल प्रवाहाच्या वेळी पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर राहावा, अशा हिशेबाने तिचा उतार ठरवतात. आणि घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन तिच्यात परत जाते, असे धरून तिचा व्यास ठरवतात. हा ओघ कुठेही अडला की पाणी मागे चढू लागते आणि त्याला सर्वांत खालचे तोंड जिथे सापडेल तिथून बाहेर पडते. तळमजल्यावरच्या न्हाणीघराची जाळी हे बहुतेक इमारतींतील सर्वांत खालचे तोंड असते. म्हणूनच वरच्या मजल्यावरच्याने पाणी सोडले की त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही आणि खालच्याच्या घरात तळे साचते.

या वाहिन्या म्हाताऱ्या का होतात, तेही थोडक्यात सांगतो. मुंबईच्या जुन्या भागांत एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या विटांच्या अंडाकृती वाहिन्या आहेत. अनेक शहरांतील जुन्या गल्ल्यांखाली चकचकीत भाजलेल्या मातीचे पाइप आहेत, तर नंतरच्या वस्त्यांत काँक्रीटचे. मातीच्या पाइपांचे सांधे सुटतात आणि त्यांतून वड-पिंपळाची मुळे आत शिरतात. काँक्रीटला वेगळाच रोग लागतो: साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, वाहिनीच्या वरच्या ओलसर भागावर राहणारे जिवाणू त्याचे गंधकाम्ल बनवतात, आणि ते आम्ल वाहिनीचे छत वर्षानुवर्षे खात राहते. म्हणूनच जुनी वाहिनी पुष्कळदा तळाला धड असते आणि माथ्याला पोखरलेली असते, आणि वरचा रस्ता एके दिवशी अचानक खचतो.

नूतनीकरणाच्या मुख्य पद्धती दोन. पहिली उघड्या खोदाईची: रस्ता खणायचा, जुना पाइप काढायचा, नवा टाकायचा. ही सर्वांना दिसते, तिचा आवाज होतो, धूळ उडते, गाड्या अडतात. दुसरी पद्धत न खोदता आतून अस्तर लावण्याची. १९७१ मध्ये एरिक वुड या अभियंत्याने लंडनच्या हॅकनी भागातील एका जुन्या विटांच्या वाहिनीत ती प्रथम वापरली. राळेत (कडक होणाऱ्या चिकट रसायनात, म्हणजे रेझिनमध्ये) भिजवलेली जाड कापडी नळी एका मॅनहोलमधून आत सोडतात आणि पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ती पुढच्या मॅनहोलपर्यंत उलटवत नेतात, अगदी आपण पायमोजा उलटा करतो तशी. ती जुन्या पाइपाच्या भिंतीला घट्ट चिकटली की गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरण वापरून राळ कडक करतात आणि जुन्या पाइपाच्या आत सांधे नसलेला नवा पाइप तयार होतो. रस्ता जवळजवळ शाबूत राहतो, त्यामुळे दाट वस्तीत ही पद्धत फार सोयीची आहे.

गंमत अशी की खोदाईत लोकांना डोळ्यांनी दिसते, म्हणून ते आपोआप जपून वागतात. अस्तराच्या कामात मात्र गल्लीच्या टोकाला एक ट्रक आणि दोन नारिंगी शंकू याखेरीज काहीच दिसत नाही, आणि नेमके याच पद्धतीत रहिवाशांनी पाणी न सोडणे सर्वांत महत्त्वाचे असते. वरून येणारा मुख्य प्रवाह पंप लावून बाजूने वळवता येतो. परंतु कामाच्या टप्प्यात मधेच जोडलेल्या घरांची तोंडे त्या कापडी नळीने काही तासांसाठी पूर्ण बंद होतात. राळ कडक झाल्यावर कॅमेरा लावलेले एक छोटे यंत्र आत जाते आणि एकेका घराचे तोंड आतून कापून मोकळे करते. तोवर त्या घरांत सोडलेल्या प्रत्येक बादलीला जायला वाटच नसते.

आता सूचनेत काय असावे, याकडे वळतो. कामाचे नाव, निविदेचा क्रमांक आणि मंजूर रक्कम ही माहिती फलकावर अवश्य असावी, तो नागरिकांचा हक्क आहे. पण घरात लावायच्या चिठ्ठीत तिचे काम नाही. घरातल्या चिठ्ठीने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे: मी केव्हापासून केव्हापर्यंत काय करायचे नाही? माझ्या मते ती चिठ्ठी अशी असावी:

‘बुधवारी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत तुमच्या इमारतीचा मलवाहिनीशी असलेला जोड बंद राहील. या वेळेत शौचालयात, न्हाणीघरात, मोरीत आणि बेसिनमध्ये पाणी सोडू नका. वॉशिंग मशीन लावू नका. नळाला पाणी येईल, ते भरून ठेवण्यास हरकत नाही, मात्र टाकी किंवा पिंप भरून वाहू देऊ नका. तुम्ही सोडलेले पाणी तळमजल्यावरील घरांत वर येईल. फिरते शौचालय गल्लीच्या तोंडाशी उभे असेल. जोड पुन्हा सुरू झाल्यावर आमचा माणूस दारावर येऊन सांगेल. तोवर वाट पाहावी.’

यातील दोन वाक्ये मला विशेष मोलाची वाटतात. पहिले, पाणी कुठे वर येईल ते सांगणारे. कारण कळले की माणूस नियम पाळतो, आणि खालच्या काकूंचे घर डोळ्यांसमोर आले की चौथ्या मजल्यावरचा हात नळापाशी थांबतो. दुसरे, नळाला पाणी येईल हे सांगणारे. ‘पाणी वापरू नका’ एवढेच लिहिले तर लोक ते पाणीकपात समजतात, आदल्या रात्री सगळी भांडी भरून ठेवतात आणि सकाळी ताजे पाणी आले की शिळे मोरीत ओततात. मराठी घरांत पिण्याचे पाणी रोज ताजे भरण्याची सवय खोलवर रुजलेली आहे, आणि सूचना लिहिणाऱ्याने ती गृहीत धरली नाही तर बंद वाहिनीत नेमके सकाळच्याच वेळी सर्वांत जास्त पाणी जाते.

ही चिठ्ठी कोणाच्या हातात पडते, हा पुढचा प्रश्न. इमारतीच्या ग्रुपवर घरातली एक-दोन माणसे असतात आणि ती सकाळी नऊ वाजता कामावर निघून जातात. दहा वाजता भांडी घासायला येणाऱ्या ताई त्या ग्रुपवर नसतात. घरात राहिलेले आजी-आजोबा संदेश पाहतीलच असे नाही. तळमजल्यावरच्या चहाच्या दुकानातला मुलगा कदाचित मराठी वाचतच नाही. म्हणून सूचना पाण्यापाशीच असली पाहिजे. दाराच्या कडीला लावतात तसा जाड कागदाचा एक पट्टा स्वयंपाकघरातील नळाला अडकवला, त्यावर मोठ्या अक्षरांत वेळ आणि एक फुली मारलेला नळ काढला, तर भांडी घासणाऱ्याच्या हाताला तो आधी लागतो. याला खर्च फारसा येत नाही. चाळीत जिथे शौचालय सामाईक असते, तिथे कागदावर विसंबून चालत नाही. तिथे माणसालाच जिन्याशी उभे राहावे लागते आणि पर्यायी सोय आधी उभी करून मगच दार बंद करावे लागते. आजारी, गर्भवती आणि वृद्ध माणसे असलेल्या घरांची यादी दोन दिवस आधी केली तर त्या घरांना वेगळी सोय देता येते.

हे सारे केवळ चांगुलपणाच्या भरवशावर सोडलेले नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपण अर्ज करून कागद मागण्यापुरताच ओळखतो. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, जनतेवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यांतील संबंधित तथ्ये सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता प्रसिद्ध करावीत असे म्हटले आहे. आणि माहिती पोहोचवताना खर्च, स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम यांचा विचार करावा, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. नळाला अडकवलेला पट्टा हे त्या कलमाचेच पालन आहे, असे मी मानतो.

वेळेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ही कामे पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंतच्या काळात उरकावी लागतात, म्हणजे ती दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आणि लग्नसराईच्या दिवसांतच येतात. रात्रभर चालणारा पंप ज्या खिडकीखाली लागणार आहे, त्या घरात परीक्षेला बसणारे मूल आहे का, हे आधी विचारले तर पंपाची जागा चार घरे सरकवता येते. रात्री अकरा वाजता भांडण झाल्यावर ती सरकत नाही. शिवाय तारखा बदलतात. यंत्र बिघडते, वरच्या टप्प्याचे काम लांबते. काम होणार असे सांगणारा माणूस येतो, पण काम उद्यावर गेले असे सांगायला कोणी येत नाही, आणि लोक विनाकारण दिवसभर पाणी रोखून बसतात. पुढच्या खेपेला तेच लोक सूचनेकडे दुर्लक्ष करतात आणि मग त्यांना बेजबाबदार ठरवले जाते. रद्द झाल्याची सूचना ही मूळ सूचनेइतक्याच तातडीने दारोदार गेली पाहिजे.

वासाबद्दलही आधी सांगावे. अस्तराच्या राळेत बऱ्याचदा स्टायरीन असते आणि त्याचा वास नव्या फायबरच्या वस्तूसारखा, थोडासा थिनरसारखा येतो. तो फार थोड्या प्रमाणातही नाकाला जाणवतो, त्यामुळे न सांगितल्यास गॅसगळती झाली असे समजून लोक घाबरतात. हा वास घरात शिरण्याची वाट बहुधा नहाणी ट्रॅपमधूनच, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीखालच्या वळणदार भांड्यातूनच असते. ट्रॅपच्या वळणात पाणी भरलेले असेल तर ते झाकणाचे काम करते आणि वाहिनीतील हवा आत येत नाही. पण जे न्हाणीघर महिनोन्महिने वापरात नाही, तिथले पाणी सुकून गेलेले असते. म्हणून जोड बंद होण्यापूर्वी, आदल्या रात्री, घरातल्या प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतून ठेवावे, आणि बंद फ्लॅटच्या मालकाला फोन करून किल्ली मागवून तिथेही ओतावे. तरीही वास आला तर खिडक्या उघडाव्यात, त्या खोलीतून बाहेर पडावे आणि कामावरच्या पर्यवेक्षकाला लगेच कळवावे. त्या पर्यवेक्षकाचा क्रमांक चिठ्ठीवर असला पाहिजे, आणि तो उचलला गेला पाहिजे. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहेच, पण गल्लीत उभ्या असलेल्या माणसाशी थेट बोलता येणे वेगळे.

खोदाईच्या कामात याहून गंभीर धोका पिण्याच्या पाण्याचा असतो. जलवाहिनी आणि मलवाहिनी यांच्यात आडवे अंतर किमान ३ मीटर असावे असा दंडक आहे, पण आठ-दहा फुटांच्या बोळात तो पाळायला जागाच नसते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येते; पुरवठा बंद असताना नळाच्या वाहिनीत दाब राहत नाही आणि आजूबाजूचे घाण पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढले जाऊ शकते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळेच. म्हणून खोदाई चालू असेपर्यंत पहिले पाणी थोडे वाहू द्यावे, ते गढूळ असेल किंवा त्याला वास येत असेल तर अजिबात भरू नये, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे आणि तक्रार त्याच दिवशी करावी, हे चार शब्द प्रत्येक घरात पोहोचलेच पाहिजेत. येथे ढिलाईला जागा नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही सूचनेत मी आजवर वाचलेली नाही, आणि ती असावी असे मला फार वाटते. तुंबलेले पाणी घरात आले की रहिवासी हातघाईवर येतात आणि ‘माणूस उतरवा आत’ असे ओरडतात. मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सुरुवातीला त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो कळेनासाच होतो आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही त्याच्यावर पडतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी घातली आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. ‘आमचा माणूस आत उतरणार नाही, यंत्र येईपर्यंत थांबावे लागेल, त्यासाठी तुमचा राग आम्ही सोसू,’ असे वाक्य चिठ्ठीवर छापले तर उतरायला नकार देणाऱ्या कामगाराच्या पाठीशी निदान एक कागद तरी उभा राहील. झाकणाबाबतही तेच. पाऊस तुंबला म्हणून मॅनहोलचे झाकण रहिवाशांनी कधीही काढू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुसळधार पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, ते आपण विसरता कामा नये.

आतापर्यंत माहिती वरून खाली येण्याबद्दल लिहिले. ती उलट दिशेनेही गेली पाहिजे, नाहीतर अस्तराचे काम फसते. कॅमेऱ्याने वाहिनीची पाहणी करताना बाजूने येणारी सगळी तोंडे दिसतात, पण त्यांतली चालू कोणती आणि मेलेली कोणती हे चित्रावरून खात्रीने कळत नाही. चालू तोंड कापायचे राहून गेले तर ते घर कायमचे तुंबते. मेलेले तोंड उघडले तर तिथून माती आणि पाणी झिरपत राहते. जुन्या इमारतींत घरगल्लीतून (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातून) गेलेली, नंतर भिंतीआड झाकली गेलेली, दोन इमारतींची एकत्र केलेली जोडणी नकाशावर नसतेच. ती ठाऊक असते चाळीस वर्षे तिथे राहिलेल्या एखाद्या आजोबांना किंवा त्या भागातल्या जुन्या प्लंबरला. पाहणीच्या दिवशी ‘तुमचा नळ दहा मिनिटे सोडून ठेवा’ असे एकेका इमारतीला सांगून आत कॅमेऱ्यात पाहिले की तोंड ओळखता येते. रंगीत पाणी सोडले तर शंकाच उरत नाही. बाल्कनीत ठेवलेल्या वॉशिंग मशीनची नळी पावसाच्या पाइपात सोडलेली असते, आणि दंड होईल या भीतीने लोक ती लपवतात. पाहणीला येणाऱ्याने ‘आज दंड नाही, आज फक्त नोंद’ असे पहिल्याच वाक्यात सांगितले, तर बरीच दारे उघडतात.

शेवटी उरते ती सर्वांत छोटी आणि सर्वांत जास्त राहून जाणारी सूचना: काम झाले. सायंकाळी ट्रक निघून जातो, शंकू उचलले जातात, आणि घराघरांत माणसे नळाकडे पाहत बसलेली असतात. शेवटचे तोंड कापल्यावर आधी तळमजल्यावरच्या घरात एक बादली सोडून ती खाली जाते का ते तिथल्या रहिवाशासमोर पाहावे, मग एकेक मजला वर जाऊन दारे ठोठवावीत आणि नळाचे पट्टे काढून घ्यावेत. आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टप्प्याच्या वेळी आम्ही रहिवाशांनी आग्रह धरून हे असेच करून घेतले. काकूंनी स्वतः बादली ओतली, जाळीपाशी वाकून पाणी गेल्याचे पाहिले आणि जिन्यात येऊन वर हाक दिली, ‘गेलं गं, लावा आता मशीन!’